फोटोत न आलेला पिंपळ

नवखणी मनोऱ्याला तिकीट नव्हतं. तिकीटखिडकीच्या जागी आता नुसती एक पाटी होती : ‘प्रवेश मोफत. फोटो भरपूर काढा.’ उल्का बिरनाळे त्या पाटीसमोर जरा जास्तच वेळ थांबली. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे ती अशीच बघायची. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर दिली, तरी ती जुडी उलटीपालटी करून मगच पिशवीत टाकायची.

“फुकट कसं काय?” तिनं लेकीला विचारलं.

“फुकट नाही गं आई. तू काढशील तो प्रत्येक फोटो लोकमापनाकडे जातो. तेच तुझं तिकीट.” ओवीनं तिचा दंड धरून तिला पुढं ओढलं. “आणि चल आता, मागचे लोक खोळंबलेत.”

लोकमापनाबद्दल उल्कानं ऐकलं होतं. राज्यातल्या बहुतेक जुन्या इमारतींना ती योजना लागू झाली होती, आणि कल्पना सुरेख होती यात वाद नाही. एका इमारतीचे हजारो प्रवासी हजारो जागांवरून फोटो काढतात. ते सगळे फोटो एकमेकांशी ताडून पाहिले, की संगणकाला त्या इमारतीचा आकार केसाच्या जाडीइतका नेमका कळतो. दगड जागचा हलला किंवा भिंत जरा कलली, की त्याच दिवशी कार्यालयात सूचना जाते. पूर्वी इंजिनिअर यायचे, भिंती ठोकून बघायचे, भेग वाढली तर तडकतील अशा काचेच्या पट्ट्या तिच्यावर चिकटवायचे. आता त्यांची गरज उरली नव्हती. नवखणीच्या दारावर हिरवा दिवा होता आणि त्याखाली रोजचा निकाल उमटायचा : ‘सुस्थितीत’.

उल्का मिरजेची. गणपतीत मंडळांचे देखावे उभे करणं हा आधी तिच्या वडिलांचा धंदा, आता तिचा. मिरजेच्या चौकात तिनं आजवर राजवाडे उभे केले होते, किल्ल्यांचे दरवाजे उभे केले होते, एकदा तर परदेशातलं रेल्वे स्टेशन उभारून गणपतीला तिथल्या घड्याळाखाली बसवलं होतं. त्यासाठी ती गावोगाव हिंडून इमारतींचे फोटो काढायची. देवळात गेली तर देवाच्या आधी खांबाला मिठी मारून त्याचा घेर बघायची. यंदा मंडळानं भानगिरी संस्थानचा हा नऊ खणांचा, म्हणजे नऊ मजल्यांचा, विटा-लाकडाचा मनोरा ठरवला, तेव्हा तिला दुहेरी आनंद झाला. नवव्या खणात ओवीचं चहा-कॉफीचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ‘तू मला श्वास घेऊ देत नाहीस’ असं आईला सुनावून ओवी इथं आली होती, आणि तेव्हापासून रोज सकाळी वरच्या खिडकीतला आपला एक फोटो पाठवायची. माय-लेकींमधलं बोलणं म्हणजे तो फोटो.

फोटोतली ओवी गोबऱ्या गालांची, हसरी होती. आज स्टँडवर घ्यायला आलेल्या ओवीची गळ्याखालची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“जेवतेस ना वेळेवर?”

“जेवते.”

“झोप?”

“आई, आल्या आल्या तपासणी नको. रोज फोटो बघतेस ना? त्यात बरी दिसते की नाही?”

दिसायची, हे खरंच होतं. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पोरगी काहीतरी लपवत होती.

दुपारी उल्का पुलावरून पलीकडच्या काठावर गेली. मनोऱ्याची नदीकडची बाजू तिथूनच नीट दिसायची. तिनं वीसेक फोटो काढले आणि मग, वडिलांनी लावलेल्या सवयीप्रमाणे, फोन पिशवीत टाकून नुसतं बघत बसली. सातव्या खणाच्या आसपास भिंतीवर एक काळसर रेघ होती आणि त्या रेघेत पिंपळाचं रोप उगवलं होतं. वाऱ्यावर त्याची पानं सळसळत होती. असा पिंपळ देखाव्यात लावला तर मिरजकर खूश होतील, असं तिच्या मनात आलं.

आतली मापं घ्यायला मात्र तिनं फोन वापरलाच नाही. तिच्या वडिलांचा नियम होता : बाहेरचं रूप फोटोवरून घ्यावं, पण ज्या सांगाड्यात माणसं शिरणार, त्याचं माप हातानं घ्यावं. तेही सुतळीनं. एका भिंतीला टोक धरायचं, समोरच्या भिंतीपर्यंत ताणायचं आणि गाठ मारायची. प्रत्येक खणाची सुतळी वेगळी. घरी येऊन ती चौपदरी दुमडली की देखाव्याचं माप तयार, कारण देखावा मूळ इमारतीच्या पावपट असायचा. दुसरं टोक धरायला ओवी आली होती.

“सुतळी, आई? या जमान्यात?”

“सुतळीला चार्जिंग लागत नाही. ताण नीट.”

नवव्या खणात ओवीचं दुकान लख्ख होतं. कप एका रेषेत, बरण्या पुसलेल्या. नदीकडच्या भिंतीलगत फरशीवर एक वीतभर रुंद, लांबलचक फळी ठोकलेली होती.

“ही कशाला गं?”

“भिंतीशी फट आहे, चमचे पडतात. आधी बारीक पट्टी होती, ती पुरेना. मग ही रुंद आणली.”

उल्काला लेकीच्या टापटिपीचं कौतुक वाटलं. जिला फुकटच्या कोथिंबिरीत काळंबेरं दिसायचं, तिला त्या फळीत काहीही दिसलं नाही. पोरीनं एकटीनं मांडलेला संसार बघताना आईचे डोळे जरा अधू होतातच.

मिरजेत देखाव्याचं काम एका बंद पडलेल्या जिनिंग मिलच्या शेडमध्ये चालायचं. तिथले सर्वेसर्वा दस्तगीरमामा. उल्काच्या वडिलांपासूनचे सुतार. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी करवतीनं केव्हाच अर्धी नेली होती. त्यामुळे त्यांनी ‘दोन बोटं जागा सोडा’ म्हटलं, की शेडमधली पोरं ‘म्हणजे दीड’ म्हणून त्यांना चिडवायची आणि मामाही हसायचे.

उल्का परतल्यावर पहिला गोंधळ पिंपळानं केला. प्लास्टिकचं रोप कुठं लावायचं ते बघायला उल्कानं नदीकडचे फोटो मोठे केले, तर एकाही फोटोत पिंपळ नव्हता. काळी रेघही नव्हती. भिंत परीटघडीच्या कपड्यासारखी स्वच्छ होती. तिनं सगळे फोटो दोनदा पाहिले. तिच्या आईला शेवटी शेवटी दारात नसलेली माणसं दिसायची. आपलंही तसंच सुरू झालं की काय? पिंपळाबद्दल ती कुणापाशी बोलली नाही.

दुसरा गोंधळ झाला तो सांगाडा आणि बाहेरचं कवच एकत्र बसवताना. कवचाच्या फळ्या फोटोंवरून मशीननं कापलेल्या, सांगाडा सुतळीच्या मापाचा. खालचे चार खण चपखल बसले. पाचव्या खणात सांगाडा किंचित अडला. सातव्यात ठोकून बसवावा लागला. नवव्यात तर तो नदीच्या बाजूनं दोन बोटं बाहेरच आला. भिंतीची जाडी धरली, तर आतली खोली बाहेरच्या इमारतीत मावतच नव्हती.

“मामा, कापताना लक्ष कुठं होतं?”

“लक्ष हितंच हुतं, अक्का.” मामांनी पुन्हा मोजलं. “फळी बराब्बर हाय.”

“फळी बरोबर, सांगाडा बरोबर, मग चूक काय गणपतीची?”

मामांनी नव्या फळ्या कापल्या. पुन्हा तेच झालं. गणपती तोंडावर आले होते, आणि उल्काच्या डोक्यात आता वेगळाच भुंगा शिरला होता. समोरच्या चौकातल्या मंडळाची माणसं गेल्या आठवड्यात मामांना चहाला घेऊन गेली होती. तिनं स्वतः पाहिलं होतं. मागचापुढचा विचार न करता ती सगळ्या पोरांसमोर बोलून गेली, “त्यांच्याकडं जायचं असेल तर सरळ जावा, मामा. आमचं काम कशाला बिघडवताय?”

शेडमधली ठोकाठोक थांबली. मामांनी कानामागची पेन्सिल काढून फळीवर ठेवली.

“तुमच्या वडलांनी चाळीस वर्सांत असं कधी म्हटलं न्हाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “एवढंच सांगा मला. मशीन चुकलं आसंल तर चारी बाजूंनी चुकंल. माझी नियत फिरली आसंल तर खालचे खण तरी कशापायी नीट बसतील? एकाच बाजूला, आन वर वर जाईल तसं वाढत कसं जाईल?”

ते पायरीवर जाऊन बसले. उल्काला मान वर करवेना. ती नववी सुतळी बोटांवर गुंडाळत, सोडवत उभी राहिली. वर वर जाईल तसं वाढत. नदीच्या बाजूला. फोटो म्हणतो खोली एवढी, सुतळी म्हणते त्याहून मोठी. सुतळी ताणताना ओवी नदीकडच्या भिंतीशी उभी होती, आणि तिच्या पायाखाली ती फळी होती. आधीची पट्टी पुरेना, म्हणून आणलेली.

पिंपळ काही कुठं हवेत उगवत नाही. त्याला भेग लागते.

तिनं ओवीला फोन लावला. “ती फळी उचल आणि खाली काय दिसतंय ते सांग.”

“आई, खिळे मारलेत. गिऱ्हाईक आहे.”

“गिऱ्हाईक राहू दे. उचल.”

बराच वेळ पलीकडून कपांचे, खुर्च्यांचे आवाज येत राहिले. मग खिळा निघाल्याचा करकर आवाज आला, आणि ओवी एकदम बारीक आवाजात म्हणाली, “नदी दिसते.”

“दुकान बंद कर आणि खाली ये.”

“पण आई, दारावर हिरवा दिवा आहे. रोज असतो. मला वर कसलेतरी आवाज येतात म्हणून मी मागं एकदा कळवलं होतं, तर ‘सुस्थितीत’ असं उत्तर आलं. उद्यापासून सुट्ट्या आहेत, वर मुंगीला जागा राहणार नाही. तुझ्या सुतळीवरून मी एवढ्या लोकांना काय सांगू?”

ओवी दुकान बंद करणार नाही, हे उल्काला कळून चुकलं. हट्टीपणा घरातूनच नेलेला होता. तिनं लोकमापनाच्या भानगिरी कार्यालयाला फोन केला, उद्या सकाळी नवखणीवर या म्हणून गयावया केली, आणि पहाटेची गाडी पकडायला स्टँडवर गेली. तिथं बाकावर दस्तगीरमामा हातात टेप आणि लोखंडी पहार घेऊन बसले होते.

“मामा, माझं चुकलं.”

“ते मागनं बगू,” मामा म्हणाले. “आदी पोरगी खाली आणू.”

कार्यालयातून आलेले अधिकारी, कोठावळे, तिशीचे आणि सभ्य होते. पण त्यांनाही संशय घेता येत होता. ओवीच्या दुकानात शिरताना त्यांनी उल्काला विचारलंच, “तुमचा देखावाही नवखणीचाच आहे ना, मॅडम? चार दिवसांवर गणपती. बातमी बरी होईल तुमच्या मंडळाची.”

आपल्यावर कुणी संशय घेणं किती बोचतं, हे उल्काला आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूनं कळलं. मामांकडं बघण्याची तिला लाज वाटली.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांत दाटीवाटीनं उभे राहून नदीचे, कमानींचे, एकमेकांचे फोटो काढत होते. मामांनी पहार घालून ओवीनं परत ठोकलेली फळी उचलली. फरशी संपत होती, भिंत पुढं सुरू होत होती, आणि दोहोंच्या मध्ये, सातव्या खणाच्या भेगेतून, खोल खाली नदीचं पाणी चमकत होतं. फटीतून वर येणाऱ्या वाऱ्यानं ओवीच्या टेबलावरचे कागदी रुमाल उडाले.

कोठावळे गुडघ्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन काढला, फटीवर धरला आणि फोटो काढला. मग तो फोटो बघत तसेच बसून राहिले.

“काय झालं?” उल्कानं वाकून बघितलं.

फोटोत फट नव्हती. काळ्या-पांढऱ्या फरश्या भिंतीला नीट भिडल्या होत्या. नदी नव्हती, उजेड नव्हता. फटीवर वाकलेली मामांची सावली मात्र फरशीवर छान पडली होती.

कोठावळेंनी आणखी एक फोटो काढला. मग ओवीच्या फोननं काढला, मामांच्या फोननं काढला. सगळ्यांत तेच.

“सावरणी,” ते पुटपुटले.

“म्हणजे?”

“आता फोनची लेन्स मोहरीएवढी असते, मॅडम. तिला खरं म्हणजे धूसरच दिसतं. उरलेलं चित्र फोन जुन्या फोटोंच्या साठ्यातून भरून काढतो. तो साठा लोकमापनाचा. ही जागा आधी कशी होती ते त्याला माहीत असतं, म्हणून जे जुळत नाही ते त्याला दोष वाटतं. ते तो सावरून घेतो.” ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच जड जात होतं. “आणि लोकमापन याच फोटोंवरून ठरवतं, की काही बदललं आहे का.”

“म्हणजे फोटो काढायचा तो जुन्या फोटोला विचारून,” उल्का म्हणाली, “आणि इमारत खरंच तशी आहे का, हे विचारायचं त्याच फोटोला. आरोपी तोच, साक्षीदार तोच, न्यायाधीशही तोच!”

“हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?” ओवीनं विचारलं.

आतून, भिंतीच्या पोटातून, लाकूड कण्हल्यासारखा एक आवाज आला. खिडकीतल्या कुणीही मान वळवली नाही. ओवीनं मात्र डोळे मिटले. तिला तो आवाज ओळखीचा होता.

“मनोरा रिकामा करा, साहेब,” उल्का म्हणाली.

“निकाल हिरवा असताना मला तो अधिकार नाही. आणि ओरडलो, तर पळापळ होईल. या जिन्यात चेंगराचेंगरी झाली, तर भिंतीच्या आधी जिनाच माणसं मारील.”

हे मात्र उल्काला पटलं. गर्दी म्हणजे काय चीज असते, हे मंडळाच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिनं इकडंतिकडं बघितलं. सगळ्यांच्या हातांत फोन, सगळ्यांच्या माना वाकड्या, प्रत्येकाला आपण आणि नवखणी एकाच चौकटीत हवी होती. पण नवखणीच्या आत उभं राहून ते कुणालाच जमत नव्हतं. तिनं खुर्चीवर चढून, विसर्जनाच्या मिरवणुकीत लावते तो आवाज लावला.

“मंडळी! पलीकडच्या काठावर सगळ्यांचा एकच मोठा फोटो काढायचाय, नवखणीसकट! साहेब स्वतः काढणार आहेत! पुढच्या रांगेत पाहिजे असेल त्यांनी सावकाश, एकेक करून उतरा! ढकलाढकली करणाऱ्याला मागच्या रांगेत!”

सगळे हसत, केस सारखे करत जिन्याकडं वळले. मामा दारात आडवे उभे राहिले आणि एकेकाला मोजल्यासारखं सोडू लागले. खालच्या खणांतली माणसंही फोटोच्या बातमीनं बाहेर पडली. शेवटी ओवी उरली. ती गल्ल्यापाशी उभी होती, कप पुसायच्या फडक्याची घडी घालत.

“चल,” उल्का म्हणाली.

“दोन वर्षं लागली हे उभं करायला, आई.”

“माहीत आहे.”

ओवीनं फडकं काउंटरवर ठेवलं, दिवा मालवला आणि आईच्या पुढं जिना उतरली. सगळ्यांत मागून उतरलेल्या कोठावळेंनी नवखणीचं मोठं दार ओढलं आणि आपल्या मोटारसायकलचं कुलूप काढून त्याला लावलं. वर हिरवा दिवा तसाच जळत होता.

पलीकडच्या काठावर माणसं तीन-चार रांगांत उभी राहिली. पुढच्या रांगेत बायका बसल्या. मामांना ओढून मध्ये घेतलं, ओवीला त्यांच्या शेजारी. कोठावळे फोन घेऊन मागं मागं सरकले. सगळ्यांनी हात वर केले, हसले, आणि फोटो निघाला. क्षणात तो सगळ्यांच्या फोनवर पोचला आणि सगळ्या माना खाली गेल्या.

उल्कानं कोठावळेंना हळूच पिंपळाबद्दल विचारलं होतं; तेवढे एकटे फोन खाली धरून मनोऱ्याकडं नुसत्या डोळ्यांनी बघत होते. सातव्या खणापाशी काळी रेघ होती, आणि त्या रेघेतून पिंपळाची पानं हलत होती.

“आहे,” ते म्हणाले. “पिंपळ आहे.”

उल्काला रडू फुटेल असं वाटलं. आपलं डोकं शाबूत आहे, हे तिला कुणीतरी इतक्या साध्या शब्दांत सांगायला हवं होतं.

“कुलूप मी माझ्या जबाबदारीवर लावलंय,” कोठावळे म्हणाले. “पण संध्याकाळपर्यंत वरून विचारणा होईल. हिरवा निकाल असताना दार का बंद केलं?”

“त्यांना म्हणावं, इथं या आणि स्वतः बघा.”

कोठावळे खिन्न हसले. “ते म्हणतील, फोटो पाठवा.”

मागून मामांची हाक आली. “अक्का, जरा हिकडं या.”

मामा ओवीच्या फोनवर वाकले होते. फोटोत ते मधोमध उभे होते, मागं नवखणी ताठ आणि निष्कलंक, आणि डावा हात त्यांनी इतरांसारखा वर केला होता. त्या हाताला पाच बोटं होती. पाचही पुरी.

मामांनी आपला खरा हात फोनशेजारी धरला. एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं. “तीस वर्सं झाली जाऊन,” ते म्हणाले. “हे बोट माजं न्हाई. माझ्या हाताला कुणी लावलं?”

सावरणीला हात कसा असतो ते माहीत होतं. हा हात कसा आहे, हे विचारायची तिला गरज वाटली नव्हती.

उल्कानं फोन हातात घेतला. मामांच्या शेजारी फोटोत ओवी होती. गोबऱ्या गालांची, टवटवीत डोळ्यांची, रोज सकाळी येणाऱ्या फोटोंतली. उल्कानं मान वर केली. समोर गळ्याची हाडं दिसणारी, डोळ्यांखाली काळं झालेली, अंगावरची ओढणी घट्ट आवळून धरलेली मुलगी उभी होती. पोरगी काहीतरी लपवते आहे, असा संशय आपण घेतला. पोरीनं काहीच लपवलं नव्हतं. रोज सकाळी ती आपला खरा चेहरा फोनसमोर धरत होती, आणि मिरजेत आईला दुसरीच कुणी पोचत होती. आणि आईनंही, एवढी संशयी म्हणवणाऱ्या आईनं, कधी गाडीत बसून यायचं मनावर घेतलं नव्हतं. फोटोत बरी दिसत होती ना!

तिनं फोन पालथा करून काठावरच्या दगडावर ठेवला आणि दोन्ही हातांनी ओवीचं तोंड धरलं. गालांची हाडं तळव्यांना लागली. मागं लोक अजून आपापल्या फोटोंवर खूश होते, पलीकडं हिरव्या दिव्याखाली नवखणी उभी होती.

“ओवी, आता मी समोर आहे,” ती म्हणाली. “मला खरं सांग. बरी आहेस ना?”